पैठण ते शहागड, कनूनं, एका दिवसात जमेल का? (गळही टाकायचाय)

रात्रपाळी_वाळूज

राम राम मंडळी. मी वाळूजला कारखान्यात शिफ्टला आहे. मूळ गाव अंबड तालुक्यातलं. गंगेशी (म्हणजे आपल्या गोदावरीशी) ओळख म्हणाल तर शहागडच्या पुलावरून, एसटीच्या खिडकीतून. पूल आला की आई हातात नाणं द्यायची, मी फेकायचो, बहुतेक वेळा ते कठड्याला लागून रस्त्यावरच पडायचं. झाली ओळख.

तर दिवाळीच्या आसपास एक बंद पडलेलं रिसॉर्ट सामान विकत होतं. लोक खुर्च्या आणि फ्रीज घेत होते, मी सोळा फुटी फायबरची कनू घेतली. दोन वल्ह्यांसकट ११ हजार. कयाक नव्हे बरं का. कनू म्हणजे वरून सगळी उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, आणि वल्ह्याला एकाच बाजूला पातं. घरी आणल्यापासून बायको तिला ‘तुमचा टब’ म्हणते. पत्र्याच्या शेडमध्ये उलटी घालून ठेवली तर त्यावर शेजारणीनं दोन दिवस कुरडया वाळवल्या.

मेव्हण्याच्या शेततळ्यात दोनदा सराव केला. मेव्हणा ९४ किलो, मी ७८. बराच वेळ गोल गोल फिरलो, मग हळूहळू सरळ जाता यायला लागलं.

आता प्लॅन असा. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पहाटे छोट्या हत्तीत कनू टाकून पैठण. जायकवाडी धरणाच्या खाली सात वाजता पाण्यात उतरायचं, संध्याकाळी पाचला शहागडच्या पुलाखाली बाहेर. वाटेत मासे धरायचे, कुठंतरी काठावर भाजून खायचे. रस्त्यानं हे अंतर चाळीसेक किलोमीटर भरतं. नदीत प्रवाह असणारच, तो नेईल असा हिशेब. गळ, रील, सगळं ऑनलाइन मागवलंय. कुणाची परवानगी लागते का? जानेवारीत मासा कोणता लागतो? आणि मेव्हण्याला पोहता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चहा_कमी_साखर

मेव्हण्याला पोहता येत नाही हे तुम्ही शेवटी लिहिलंत. बहिणीला वाचायला देऊ नका हा धागा.

भोईगल्ली_पैठण

पाव्हणं, दोनदा वाचलं तुमचं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा नाही हसू आलं. म्हणून सविस्तर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर.

मी पैठणचा. आजोबा जाळं टाकायचे, वडीलही टाकायचे, मी झेरॉक्सचं दुकान टाकलं. पण पहाटं भावासंगं जाळी काढायला अजून जातो, चप्पूवर. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून केलेला तराफा. तुमची कनू म्हणजे आमचा शिकलेला चप्पू, एवढाच फरक.

तुमची चूक नकाशात आहे. तुमच्या डोक्यात वाहती नदी आहे. गंगा आता पुराचं पाणी सोडलं तरच वाहते, बाकी दिवस ती उभी असते. धरणाखाली चनकवाडीचा बंधारा, मग आपेगावचा, मग हिरडपुरीचा. त्याच्याही पुढं एकामागं एक आहेतच. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाणी अडवून ठेवावं तसं. हिवाळ्यात तुम्हाला प्रवाह नेणार नाही, तुम्हालाच कनू न्यायची आहे. आणि प्रत्येक बंधाऱ्यावर ती बाहेर काढायची, खांद्यावर घ्यायची, दगडगोट्यातून पलीकडं न्यायची. सोळा फूट फायबर, वर डबा, पाणी, गळ आणि ९४ किलोचा दमलेला मेव्हणा.

दोन नवशिके माणसं उभ्या पाण्यात तासाला तीन, फार तर चार किलोमीटर जातात. जानेवारीत उजेड अकरा तासांचा. न थांबता, गळ न टाकता, चहा न पिता हाणत राहिलात तरी शहागडला अंधार. शिवाय थंडीत आमच्याकडं वारा बहुतेक उगवतीकडून येतो आणि नदी उगवतीकडंच चाललीय. म्हणजे सगळा वारा तोंडावर. सकाळी नऊपर्यंत पाणी आरशासारखं असतं, दहा-साडेदहानंतर लाटा कनूच्या काठाला थापा मारायला लागतात. उघड्या होडीत तेच पाणी आत येतं.

धरणाच्या खाली उतरायचं तर मनातूनच काढा. एक तर भिंतीजवळ कुणी उतरू देणार नाही. दुसरं, तिथं १२ मेगावॉटचं वीजघर आहे. ते सुरू झालं की १,५८९ क्युसेक पाणी सुटतं. आकडा बारीक वाटतो, कारण पेपरात आपण लाखांचे आकडे वाचतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये अडीच लाख सुटलं होतं, तेव्हा अर्ध्या पैठणात पाणी होतं. पण १,५८९ क्युसेक म्हणजे सेकंदाला ४५ हजार लिटर, साडेचार टँकर. आणि त्या यंत्राला उलटं फिरून खालचं पाणी परत धरणात ओढायची सोय आहे. म्हणून धरण ते चनकवाडी या तुकड्यात पाणी कधी चढेल, कधी उतरेल, त्याचा पावसाशी काही संबंध नसतो. आम्हीसुद्धा तिथं चौकशी केल्याशिवाय जाळं लावत नाही.

वर नाथसागरात, म्हणजे धरणाच्या जलाशयात, जायचं म्हणाल तर तेही नको. ते जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, १९८६ पासून. वन खात्याला विचारल्याशिवाय होडी घालू नका. आणि तो तलाव नाही, समुद्र आहे, ५५ किलोमीटर लांब. वारा सुटला की आमचे जुने लोकसुद्धा बेटाच्या आडोशाला थांबतात. ११८ गावं आहेत त्या पाण्याखाली. माझ्या आजीचं माहेर त्यातलंच एक. पाणी उतरलं की मंदिराचा चौथरा वर यायचा, ती लांबून हात जोडायची. असो.

आता काय करा ते सांगतो. एकच पायरी घ्या. चनकवाडीच्या खालचं आपेगावचं पाणी. आपेगावच्या वरच्या अंगाला चार-पाच किलोमीटरवर ओळखीचा एखादा मळा धरा, तिथून उतरा. सकाळी वारा नसतो तोवर खाली आपेगावकडं जा. बंधारा दिसला की लांबूनच काठ धरायचा, दारांजवळ बिलकूल जायचं नाही, उघडी असोत की बंद. कनू बांधा, चालत जाऊन माउलींच्या मंदिरात दर्शन घ्या. ज्ञानेश्वरांचं जन्मगाव म्हणून त्याचा मान आहे, त्यांच्या पणजोबांची, त्र्यंबकपंतांची समाधीही तिथंच. घाटाच्या आसपास गळ टाकू नका आणि मासे भाजणं तर सोडाच. कायद्याचं मला माहीत नाही, पण गावाचं तुम्हाला कळलं पाहिजे.

दुपारी परत फिरा. तोवर वारा सुटलेला, पण आता तो पाठीवर. ज्या मळ्यातून निघालात तिथंच याल, म्हणजे दुसरी गाडी नको, छोट्या हत्तीवाल्याला शहागडला दिवसभर बसवायला नको. आठ-दहा किलोमीटर होतील सगळे मिळून. हसू नका, संध्याकाळी खांदे सांगतील.

माशाचं रात्री लिहितो. गिऱ्हाईक आलं, आधार कार्डच्या चार कॉप्या.

विष्णुपुरी_किनारा

मी नांदेडला शाळेत खेळ शिकवते, उन्हाळ्यात पोहण्याचे वर्ग घेते. वरच्या भाऊंनी नदीचं सांगितलंय, मी माणसांचं सांगते.

शेततळ्यातला सराव बंद करा, आजपासून. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की त्यावरून बाहेर येता येत नाही. पोहता येणारी माणसंही त्यात गेली आहेत, कारण धरायला काही नसतं. सराव करायचाच असेल तर काठाला गाठी मारलेला दोर सोडलेला हवा, आणि वर तिसरा माणूस उभा.

लाइफ जॅकेट दोघांनाही. मेव्हण्यांना त्यांच्या वजनाचं, छातीचे पट्टे आवळून. विकत घेतल्यावर घालून कमरेएवढ्या पाण्यात बसून बघा, ते कानापर्यंत वर सरकत असेल तर उपयोगाचं नाही. ‘गरम होतं’ म्हणून काढून पायाखाली ठेवायचं नाही. माझ्या घरच्यांनीच ठेवलं होतं एकदा आमच्या विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे अडलेल्या पाण्यात. वाऱ्यानं होडी जलपर्णीत जाऊन रुतली, वल्हं फिरेना, तीन तासांनी लोकांनी दोर टाकून ओढलं. तेव्हापासून आमच्याकडं तो विषय निघाला की ते पेपर वाचायला घेतात.

आणि कनू उलटते, हे गृहीत धरा. उलटली की काठाकडं पोहत सुटायचं नाही, तिला धरून राहायचं. फायबरच्या होडीत पाणी भरलं की ती तरंगत राहील याची खात्री नाही. दोन्ही टोकांत तेलाचे पंधरा लिटरचे रिकामे कॅन, बुच घट्ट लावून, दोरीनं जखडून बांधा. वल्हवताना फळीवर बसण्यापेक्षा गुडघ्यावर बसा. वजन खाली राहतं. गुडघ्याखाली जुनी गोधडीची घडी. उभं राहायचं नाही. मासा लागला तरी नाही.

भोईगल्ली_पैठण

बाईंनी कॅनचं लाख मोलाचं सांगितलं.

आता मासा. आधी परवानगी. धरणा-तलावांतली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांकडं असते. संस्था पैसे भरून रोहू, कटला, मृगळचं बीज सोडते, ते वाढायची वाट बघते. न विचारता तिथं गळ टाकणं म्हणजे कुणाच्या उसात शिरून कांडी मोडण्यासारखं. बंधाऱ्याचं पाणी कुणाकडं आहे ते काठावरच्या भोयांना विचारा, नाव सांगतील. गळाला आलेले एक-दोन मासे कुणी मागत नाही, पण विचारलेलं लक्षात राहतं. नंतर हाक मारली तर चप्पू घेऊन तेच येणार आहेत.

थंडीत पहाटं उठून मासा मिळतो हा गैरसमज. गार पाण्यात रोहू सुस्त पडतो, खोलात बसतो, तोंड उघडत नाही. पहाट वल्हवायला वापरा, गळ ऊन तापल्यावर, अकरा ते तीन. काठाच्या उथळाजवळ, जिथं खोल पाणी संपून उतार सुरू होतो तिथं. ऑनलाइनची रंगीत रबरी मासोळी घरी ठेवा, रोहूला तिच्याशी देणंघेणं नाही. कणीक घ्या, शेंगदाण्याची पेंड भिजवून त्यात मळा, वाटलं तर थोडी हळद. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी आंबूस वास आला पाहिजे. गोळी बोराएवढी. कापूस पिंजून पिठात मिसळला तर गोळी पाण्यात लवकर सुटत नाही, ही माझ्या वडिलांची युक्ती, फुकट देतो.

मरळ पाहिजे असेल तर पानकणसाच्या कडेनं, भर दुपारी, गांडूळ किंवा बारकी मासळी लावून. मरळ लागली तर लागली. ती तुमच्यापेक्षा हुशार आहे. शिंगाळा आला तर पाठीवरचा आणि बाजूचे काटे सांभाळा, टोचला की दिवसभर हात ठणकतो. अर्ध्या किलोच्या आतला रोहू परत सोडा. कासव गळाला आलं तर ओढाताण करू नका. मऊ पाठीची कासवं कायद्यानं संरक्षित आहेत, तंगूस (नायलॉनचा दोरा) तोंडाजवळ कापा आणि जाऊ द्या.

पाण्यावर रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की तो कचरा नाही. खाली जाळं आहे. वळसा घाला. तुमचं वल्हं तंगूसात अडकलं तर वल्हंही जातं आणि कुणाची तरी महिन्याची कमाईही.

ऊस_आणि_वीस_भानगडी

काठावरचा शेतकरी बोलतोय. एक गोष्ट कुणी लिहिली नाही. नदीत आमच्या मोटारी आहेत. प्लास्टिकच्या ड्रमवर बांधलेल्या, नाहीतर पाइप आत सोडून फुटबॉल (पाइपच्या तोंडाचा व्हॉल्व्ह) बुडवलेला. काठावरून तिथवर वायर जाते, कुठं बांबूवर, कुठं सरळ पाण्यातून. जोड दिलेल्या असतात, वर चिकटपट्टी. लाइट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. बंद दिसली म्हणून बंद आहे असं नाही, ऑटोवर टाकलेली असते. ड्रमला हात लावून कनू थांबवायची नाही, वायर उचलून खालून जायचं नाही.

दुसरं, वाळू. केनीनं (वाळू ओढायच्या लोखंडी अवजारानं) ओढून ओढून पात्रात खड्डे पडलेत. वरून काही कळत नाही. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. उतरायचं तर आधी वल्हं टोचून बघा.

बाकी या. जानेवारीत ज्वारी हुरड्यात असते. माझा मळा तुमच्या त्या टप्प्यातच येतो. छोटा हत्ती बांधापर्यंत येईल. मासे मिळाले तर घरची येसर घालून रस्सा करू, नाही मिळाले तर हुरडा आहेच. नाही मिळणार असं धरूनच हुरडा जास्त ठेवतो.

रात्रपाळी_वाळूज

सगळ्यांचे आभार. शहागड रद्द. मेव्हणा म्हणाला, “मी आधीच म्हणलो होतो.” तो काहीच म्हणाला नव्हता. मळ्यावाल्या दादांना निरोप टाकलाय.

रात्रपाळी_वाळूज

जाऊन आलो. उशिरा लिहितोय, कारण खांदे. भोईगल्लीवाल्यांनी सांगितलं होतंच.

सव्वासातला उतरलो. पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसेना. पहिला तासभर आम्ही दोघं काहीच बोललो नाही, हे आमच्या नात्यात पहिल्यांदाच घडलं. वल्हं पाण्यातून बाहेर आलं की थेंब पडायचे, तेवढाच आवाज. धुक्यातून एक चप्पू आला, त्यावर म्हातारे बाबा. आमच्याकडं बघून म्हणाले, “केवढ्याला पडली?” ११ हजार सांगितले. बाबांनी मान हलवली आणि पुढं गेले. मागून आवाज आला, “थर्माकोल आठशेचं येतं.”

दर्शन घेतलं, परत फिरताना गळ टाकले. दीड तास काही नाही. पेंडीचा वास मात्र माशांपेक्षा मेव्हण्याला जास्त आवडला असावा, त्यानं दोनदा ‘भूक लागली’ म्हटलं. मग त्याच्याच काठीला रोहू लागला आणि तो उभा राहिला.

बाई, मी दहा वेळा सांगितलं होतं. उभा राहिला.

कनू एकदम गेली. दोघं पाण्यात, पाणी इतकं गार की श्वास अडकला. माझे पाय टेकले, कमरेएवढंच होतं. मी ओरडलो, “उभा राहा, पाय टेकतात.” तो माझ्याकडं एक पाऊल आला आणि दिसेनासा झाला. केनीचा खड्डा. जॅकेटनं दुसऱ्या क्षणाला वर आणला, टोपी नाकावर आलेली. त्यानं कनूची कड धरली, मी दुसरी. कॅन बांधलेले होते म्हणून ती काठोकाठ पाणी भरूनही तरंगत होती. तशीच ढकलत काठाला आणली. वीसेक मिनिटं लागली असतील, मला तासभर वाटला.

मोबाइल गेला, माझा. एक वल्हं गेलं. काठी मेव्हण्यानं सोडली नव्हती. मासा तसाच गळाला होता. मळ्यावरच मोजला, एक किलो शंभर ग्रॅम. मळ्यावर दादांनी शेकोटी केली, वहिनींनी कोरडी धोतरं दिली. धोतर नेसून हुरडा खाल्ला. रस्सा झाला, मेव्हण्यानं चार भाकरी खाल्ल्या. अजून बहिणीला त्यातलं फक्त भाकरीचंच सांगितलंय.

एका वल्ह्यावर घरी आलोय. दुसरं कुठं मिळेल?

भोईगल्ली_पैठण

वल्हं सापडलंय. त्याच बाबांना, जाळ्यात. दुकानात आणून ठेवलंय, झेरॉक्स मशीनच्या मागं. बाबा म्हणतात एकाच बाजूला पातं असलेलं वल्हं अर्धवट बनवलेलं दिसतंय, दुसरं पातं लावून देऊ का विचारा.